विमान शिकायचंय? आधी मागे फिरायची जागा ठरवा

आठवड्यातून एकदा तरी फोन येतो. कधी अनगोळहून, कधी खानापूरहून, परवा निपाणीहून आला. "पोराची पीयूसी (बारावी) झाली, पायलट व्हायचं म्हणतोय, किती भरायला लागतात?" प्रश्न रास्त आहे, पण तो चौथा प्रश्न आहे. आधीचे तीन न विचारता पैसे भरले की काय होतं, ते मी स्वतः भोगलं आहे. त्याबद्दल पुढे सांगतोच.

मी हौशी वैमानिक. माझ्याकडे खाजगी वैमानिकाचा परवाना आहे, पीपीएल म्हणतात तो. पोट दुकानावर चालतं, आणि जमेल तेव्हा सकाळचा एखादा तास उडतो. पीपीएलवर पैसे घेऊन कुणाला नेता येत नाही, त्यामुळे एअरलाइनची नोकरी कशी मिळवावी हे मी सांगणार नाही. छोटं विमान नीट, सुरक्षित उडवायला शिकायचं असेल तर आपल्या बेळगाव भागातल्या माणसानं कुठून सुरुवात करावी आणि कोणत्या क्रमानं पुढे जावं, तेवढं सांगतो. व्यावसायिक परवान्याकडे जाणाऱ्यालाही सुरुवातीचा रस्ता हाच आहे.

या क्रमामागे एकच विचार आहे. प्रत्येक टप्प्यावर एक जागा अशी असते, जिथून फारसं नुकसान न होता मागे फिरता येतं. ती जागा कुठे आहे, हे पाऊल पुढे टाकायच्या आधी ठरवून ठेवायचं. वैमानिक धावपट्टीवर हेच करतो. दवाखान्यात आणि फी भरायच्या खिडकीवरही हेच करायचं.

घराजवळ काय आहे

सांब्र्याची, म्हणजे बेळगाव विमानतळाची, धावपट्टी १९४२ साली ब्रिटिशांच्या हवाई दलानं बांधली. दुसऱ्या महायुद्धात तिथं प्रशिक्षण चालायचं, ब्रह्मदेशच्या आघाडीला मदतही व्हायची. आजही हवाई दलाची वायुसैनिकांना शिकवणारी शाळा तिथंच आहे. नागरी बाजूनं बदल झाला तो २०२१ मध्ये. विमानतळ प्राधिकरणानं बेळगाव, जळगाव, कलबुर्गी, खजुराहो आणि लीलाबारी या पाच विमानतळांवर उड्डाण प्रशिक्षण संस्थांना जागा दिल्या. तोवर आपल्याकडच्या मुलाला शिकायला बारामती, धुळे, गोंदिया, नाहीतर बेंगळुरूचं जक्कूर गाठावं लागायचं. ते पर्याय अजूनही खुले आहेत, आणि घराजवळ आहे एवढ्या एका कारणावरून शाळा निवडू नका. पण सकाळी सहाला वडगावातून निघून साडेसहाला विमानाजवळ उभं राहता येणं ही साधी सोय नाही, हे मी अनुभवानं सांगतो.

पायरी पहिली: डॉक्टर

एक रुपयाही फी भरायच्या आधी वैद्यकीय तपासणी करून घ्या. खाजगी परवान्यासाठी क्लास टू लागते. ती कुठल्याही एमबीबीएस डॉक्टरकडे चालत नाही. डीजीसीएनं, म्हणजे नागरी विमान वाहतूक महासंचालनालयानं, मान्यता दिलेल्या डॉक्टरांची यादी त्यांच्या संकेतस्थळावर असते, त्यातला सोयीचा निवडायचा. रक्त, लघवी, ईसीजी, कान, डोळे असं सगळं बघतात. व्यावसायिक परवाना घ्यायचा असेल तर त्यानंतर क्लास वन आहे. आपल्या लोकांना ती करायला बेंगळुरूची इन्स्टिट्यूट ऑफ एरोस्पेस मेडिसिन माहीत असते. नोकरीच्या मार्गानं जाणाऱ्यानं क्लास टू झाल्यावर थांबू नये, क्लास वनचा निकाल हातात येईपर्यंत मोठी रक्कम कुणालाच देऊ नये.

चष्म्याची भीती मनातून काढून टाका. चष्मा लावून नजर ठरलेल्या मापात येत असेल तर चालतं. अडचण होते ती रंग ओळखण्यात. ठिपक्यांच्या गोलात लपलेले आकडे वाचायचे असतात, इशिहारा म्हणतात त्या चाचणीला. रंगांधळेपणा असलेल्या बऱ्याच जणांना तो आहे हे तोवर ठाऊकच नसतं. बेळगावातल्या कुठल्याही डोळ्यांच्या डॉक्टरकडे ही तक्त्यांची चाचणी आधीच करून घेता येते. मागे फिरायची ही सगळ्यात स्वस्त जागा.

पायरी दुसरी: कागद

सीमाभागातल्या माणसानं इथं सगळ्यात जास्त सावध राहायला हवं. आपल्या एकाच घरात तीन पद्धतींची नावं असतात. एसएसएलसीच्या, म्हणजे दहावीच्या, मार्क्स कार्डावर इनिशियल पुढे-मागे, आधार कार्डावर स्वतःचं, वडिलांचं आणि आडनाव असं मराठी पद्धतीचं नाव, पासपोर्टवर आणखी तिसरंच काही. त्यात इंग्रजी स्पेलिंग कन्नड उच्चारावरून केलेलं. 'पाटील' दोन ठिकाणी दोन तऱ्हांनी लिहिलेले असतात. डीजीसीएचं कामकाज ईजीसीए या पोर्टलवर चालतं, आणि व्यावसायिक परवान्याच्या परीक्षांना बसायला जो कॉम्प्युटर नंबर लागतो त्यासाठी बोर्डाकडून गुणपत्रिकेची पडताळणी मागतात. नाव जुळलं नाही की अर्ज अडकलाच.

म्हणून दहावीचं प्रमाणपत्र समोर ठेवा आणि बाकीचे सगळे कागद त्याला जुळवून घ्या. आधार दुरुस्ती आधी, पासपोर्ट नंतर. दहावी कर्नाटकात आणि बारावी गडहिंग्लज किंवा कोल्हापूरला, असं आपल्याकडे सर्रास होतं. तसं असेल तर दोन राज्यांच्या दोन बोर्डांकडे पडताळणीसाठी जावं लागेल, त्याचा वेळ धरून चाला. विमानतळाच्या आत जायला प्रवेशपास लागतो, त्यासाठीही पार्श्वभूमीची पडताळणी होते. तिथंही पत्ता आणि नाव एकसारखंच हवं.

वय आणि शिक्षणाचं गणित सरळ आहे. शिकाऊ परवाना, म्हणजे एसपीएल, १६ पूर्ण आणि दहावी पास. खाजगी परवाना १७ पूर्ण, शिक्षण दहावीच. व्यावसायिक परवाना १८ पूर्ण, बारावीला भौतिकशास्त्र आणि गणित. कॉमर्समधून पीयूसी केलेली पुष्कळ मुलं हे दोन विषय मुक्त विद्यालयातून, एनआयओएसमधून, नंतर देतात, तो मार्ग चालतो. उड्डाणाचे तास खाजगीला किमान ४०, व्यावसायिकला २००.

पायरी तिसरी आणि चौथी: शाळा बघा, मग पैशाचं बोला

माझी चूक इथं झाली. जिल्ह्याबाहेरच्या एका शाळेत मी सगळी फी एकरकमी भरली, कारण एकरकमी भरणाऱ्याला सूट होती. पहिल्या चार महिन्यांत माझे सहा तास झाले. कधी विमान सुट्या भागाची वाट बघत हँगरमध्ये उभं, कधी प्रशिक्षक रजेवर, कधी माझ्या पुढे अकरा जण रांगेत. सहा तासांत जे शिकलो ते दोन उड्डाणांच्या मधल्या तीन आठवड्यांत विसरत होतो आणि तेच पुन्हा शिकायला पुन्हा पैसे जात होते. पैसे परत मागितले तेव्हा कराराची मागची बाजू दाखवण्यात आली. ती मी सही करताना वाचली नव्हती.

तेव्हा शाळेत जाल तर कार्यालयात बसून माहितीपत्रक चाळू नका. सकाळी सातला जा आणि विमानं मोजा. आज उडण्याजोगी किती आहेत, विद्यार्थी किती, प्रशिक्षक किती. विद्यार्थ्यांना विमानांनी भागा. एका विमानामागे पंधरा-वीस जण निघाले तर तुमचा नंबर कधी लागेल ते तुम्हीच ठरवा. मग बाहेर चहा पिणाऱ्या पोरांना विचारा: गेल्या महिन्यात तुझे किती तास झाले? हा आकडा शाळेच्या कोणत्याही जाहिरातीपेक्षा खरा. २०२५ च्या ऑक्टोबरपासून डीजीसीए प्रशिक्षण संस्थांना श्रेणी देऊ लागलं आहे, तीही बघून घ्या.

पैसे टप्प्यानं भरा. दहा-दहा तासांचे हप्ते मान्य करणारी शाळा असेल तर तिचा ताशी दर थोडा जास्त असला तरी तीच घ्या. करारात तीन गोष्टी लिहून मागा: शाळेच्या कारणानं तास झाले नाहीत तर पैसे किती दिवसांत परत, इंधनाचा दर वाढला तर फरक कोण भरणार, आणि जास्तीचे तास लागले तर काय दरानं. व्यावसायिक परवान्याचा एकूण खर्च आज सहज चाळीस-पन्नास लाखांच्या घरात जातो. खाजगी परवाना त्याच्या छोट्या हिश्शात होतो. घरातल्या कुणाला शेत विकून मुलाला पाठवायचं असेल तर माझं ऐका, आधी खाजगी परवान्यापुरतेच पैसे काढा. चाळीस-पन्नास तासांनंतर मुलालाही कळतं आणि आईवडिलांनाही, हे पुढे न्यायचं की नाही. तिथून मागे फिरलं तर हातात एक परवाना असतो आणि शेत शाबूत असतं.

पायरी पाचवी: रेडिओवर बोलणं

मराठी शाळेतून आलेल्या मुलांना सगळ्यात जास्त धडकी या गोष्टीची असते. मलाही होती. टॉवरमधून इंग्रजीत भराभर काही बोललं जातं, आणि आपण मनात आधी मराठी जुळवत बसतो. धीर धरा. रेडिओवरचं इंग्रजी म्हणजे कॉलेजातलं फाडफाड इंग्रजी नव्हे. ठरलेले शब्द आणि ठरलेला क्रम, बस्स. तुम्ही कोण, कुठे आहात, काय हवंय. टॉवर जे सांगेल त्यातली धावपट्टी, उंची, क्यूएनएच (उंचीमापकावर लावायचा हवेच्या दाबाचा आकडा) आणि परवानगी जशीच्या तशी परत म्हणून दाखवायची, रीडबॅक म्हणतात ते.

हे परत म्हणणं उपचार म्हणून करू नका. १९७७ साली टेनेरिफच्या धावपट्टीवर दोन जंबो विमानं एकमेकांवर आदळली आणि ५८३ माणसं गेली. त्याच्या मुळाशी उड्डाणाच्या परवानगीबद्दलचा गैरसमज होता. तेव्हापासून 'टेकऑफ' हा शब्द परवानगी देताना, ती परत म्हणताना किंवा रद्द करतानाच वापरतात. एरवी 'डिपार्चर' म्हणतात. समजलं नाही तर "से अगेन" म्हणायला कुणाची लाज वाटायला नको.

सरावाची माझी पद्धत सांगतो. आपण सीमाभागात राहतो त्याचा इथं फायदा आहे. हायवेच्या कडेला उभं राहिलं की तीन राज्यांच्या गाड्यांच्या पाट्या समोरून जातात. रेडिओवर प्रत्येक अक्षराला एक ठरलेला शब्द असतो. केए-२२ दिसलं की म्हणायचं "किलो अल्फा टू टू". एमएच-०९ आली की "माइक हॉटेल झिरो नाइनर". गोव्याची आली की "गॉल्फ अल्फा". तीनला 'ट्री', पाचला 'फाइफ', नऊला 'नाइनर'. मोठ्यानं, स्पष्ट, एका लयीत. मी आणि माझा एक शाळूसोबती रोज संध्याकाळी काकतीच्या बाजूला स्कूटर लावून अर्धा तास हेच करायचो. महिन्याभरात जीभ वळली. रेडिओसाठी एफआरटीओएल नावाचा वेगळा परवाना असतो आणि इंग्रजीचीही पातळी तपासली जाते, किमान चौथी लागते. आपली मुलं घरी मराठी, बाजारात कन्नड, टीव्हीवर हिंदी अशी तीन भाषांत वावरतात. चौथ्या भाषेचे काहीशे शब्द त्यांना जड जायचं कारण नाही.

पायरी सहावी: हवा वाचायला शिका

विमान कसं वळवायचं ते प्रशिक्षक शिकवतो. बेळगावची हवा मात्र बेळगावातच शिकावी लागते.

पहिली गोष्ट उंचीची. सांबरा समुद्रसपाटीपासून सुमारे २,५०० फुटांवर आहे. टॉवरनं दिलेला क्यूएनएच लावला की विमान जमिनीवर उभं असताना उंचीमापक शून्य दाखवत नाही, अडीच हजार दाखवतो. धावपट्टीभोवती हजार फुटांवरून फेरी मारायची तर काटा साडेतीन हजारावर ठेवायचा. नव्या माणसाचा इथं हमखास घोटाळा होतो. काटा ३,५०० दाखवतोय म्हणजे आपण जमिनीपासून साडेतीन हजार फूट वर आहोत, असा समज एखाद्या डोंगराजवळ झाला तर काय होईल ते सांगायला नको.

दुसरी गोष्ट उन्हाची. हवा तापली की विरळ होते. पंखाला उचल कमी मिळते, इंजिनाला दम कमी पडतो, पुढच्या पंख्यालाही (प्रोपेलरला) हवेत पकड कमी मिळते. याचा हिशेब डेन्सिटी अल्टिट्यूडनं करतात. मानक हवेत समुद्रसपाटीला १५ अंश धरतात, दर हजार फुटांना २ अंश कमी. म्हणजे सांब्र्याच्या उंचीवर १० अंश असायला हवेत. एप्रिलच्या दुपारी पारा ३५ वर गेला तर फरक २५ अंशांचा. दर अंशाला १२० फूट धरले की ३,००० फूट होतात. अडीच हजारात मिळवा. विमान उभं आहे सांब्र्यात, पण ते वागतं साडेपाच हजार फुटांवर असल्यासारखं, महाबळेश्वराच्याही हजार फूट वर. सकाळी सातला जे सेसना १७२, म्हणजे चार माणसांचं छोटं विमान, चटकन उचलतं, तेच दुपारी दोनला चार माणसं घेऊन धावपट्टी खात जातं आणि वर चढताना कुथतं. आपली धावपट्टी २,३०० मीटरची आहे, तेव्हा जमिनीवरून सुटायला अडचण होत नाही. फसगत होते ती नंतर, चढायच्या वेळी. विमानाच्या पुस्तकातला तक्ता उघडून दरवेळी आकडा काढायचा, अंदाजावर जायचं नाही.

तिसरी गोष्ट वळवाची. एप्रिल-मे महिन्यांत सकाळ निरभ्र असते, अकराला पश्चिमेला कापसाचे बोळे दिसायला लागतात, दोन वाजता त्यांचे डोंगर होतात आणि चारला गारांसह वळीव कोसळतो. शेतकऱ्याला हे विमानवाल्याच्या आधी कळतं. मुतग्याच्या एका शेतकरी काकांनी मला सांगितलं होतं, "वारा एकदम पडला आणि अंगाला घाम चिकटला की समज, दोन तासांत येणार." वळवाच्या ढगाच्या पुढे जी थंड हवेची लाट सुटते ती काही मिनिटांत वाऱ्याची दिशा फिरवते. उतरताना ती लागली तर छोट्या विमानाची गत वाळक्या पानासारखी होते. या दोन महिन्यांत दहानंतर निघू नका, हा मी स्वतःला घालून घेतलेला नियम आहे.

चौथी, पावसाळ्याची. जून ते सप्टेंबर ढग एवढे खाली असतात की येळ्ळूरचा राजहंसगड दिवस-दिवस दिसत नाही. इथं एक सोपा हिशेब कामाला येतो. मेटार नावाचा हवामानाचा अहवाल विमानतळ ठरावीक वेळानं देतो. त्यात तापमान आणि दवबिंदू असतात. दोहोंतला फरक घ्या, ४०० नं गुणा, ढगांचा तळ जमिनीपासून साधारण किती फुटांवर ते कळतं. तापमान २७, दवबिंदू २१ असेल तर फरक ६, म्हणजे २,४०० फूट. फेरी मारायला पुरे. जुलैच्या सकाळी २२ आणि २१ असतात. फरक १, म्हणजे ४०० फूट. पुस्तक बंद करा, चहा घ्या. अहवालातली वेळ आपली नसते, हेही लक्षात ठेवा. तिच्यात साडेपाच तास मिळवायचे. '०२३०' म्हणजे आपले सकाळचे आठ.

नजरेनं उडणाऱ्याला, म्हणजे व्हीएफआरवाल्याला, किमान ५ किलोमीटर दिसायला हवं, ढगांपासून वर-खाली हजार फूट आणि बाजूला दीड किलोमीटर अंतर हवं. हिवाळ्यात सकाळचं धुकं आणि ऊसतोड सुरू झाली की पेटवलेल्या पाचटाचा धूर मिळून हे पाच किलोमीटर कधी तीन होतात ते कळत नाही. कारखान्यांच्या धुराड्यांकडे बघायची सवय लावा. धूर सरळ वर जातोय की आडवा, कोणत्या दिशेला, आणि वर जाऊन एका थरात अडकून पसरतोय का. हवामान खात्याचा एवढा मोठा फलक फुकटात वाचायला मिळतो.

पायरी सातवी: विमानाभोवती फेरी

बसण्याआधी विमानाभोवती फिरून एकेक वस्तू हातानं तपासायची असते. नवी मुलं आठवड्याभरात ती उरकायला शिकतात. तसं करू नका.

मला एक सकाळ आठवते. रात्री पाऊस झाला होता, उघडीप होती, गवत ओलं. पंखाखाली वाकून मी इंधनाच्या टाकीचा निचरा तपासत होतो. बोटभर उंचीचं पारदर्शक भांडं खालच्या झडपेला लावून दाबायचं, थोडं इंधन त्यात येतं. या विमानांचं इंधन, १००एलएल, फिकट निळं असतं. भांडं आभाळाकडे धरलं. निळा रंग नेहमीसारखा, पण तळाशी एक चकती, काचेसारखी स्वच्छ, कडेला वाकलेली. बोटानं टिचकी मारली तर ती हलली, फुटून दोन थेंब झाले आणि पुन्हा एक झाली. पाणी. पाणी इंधनापेक्षा जड, म्हणून तळाला बसतं, आणि इंजिनाला जाणारी नळीही तळातूनच निघते. तसंच उडालो असतो तर ते पाणी चढाच्या वेळी इंजिनात पोचलं असतं. पाच वेळा भांडं भरलं आणि रिकामं केलं, सहाव्यांदा नुसतं निळं आलं. मग प्रशिक्षकांना बोलावून दाखवलं, त्यांनी स्वतः आणखी दोनदा काढून पाहिलं आणि मगच होकार दिला. टाकीच्या झाकणाचं रबर झिजलं होतं, पावसाचं पाणी तिथून आत उतरलं होतं.

दुसरी जागा पंखाखालची पिटो नळी. वेगमापकाला हवा तिच्यातून मिळते. तिच्यावर लाल फीत लावलेलं आवरण घालायचं असतं. एक दुपार उघडी राहिली तर कुंभारीण माशी तिच्यात मातीचं घर करून जाते. आपल्याकडे कपाटाच्या कुलपातही ती घर करते, तीच ही. नळी बुजली की धावपट्टीवर वेगाचा काटा हलत नाही. म्हणून धावायला लागल्यावर पहिली नजर त्या काट्यावर. तो जिवंत झाला नाही तर तिथंच पॉवर काढा, ब्रेक लावा. ही धावपट्टीवरची मागे फिरायची जागा, आणि अजून भरपूर डांबर पुढे शिल्लक असतं.

जिथून मागे फिरायचं नाही

आतापर्यंत मागे फिरण्याचंच सांगत आलो. एक जागा अशी आहे जिथं मागे फिरणं जीव घेतं, आणि ती पहिल्या दिवशीच मनात कोरून घ्यायला हवी.

उड्डाण झालं, चारशे-पाचशे फूट वर गेलात आणि इंजिन बंद पडलं. मागे दोन किलोमीटरची सुंदर धावपट्टी आहे. सगळं शरीर सांगतं, वळ. वळू नका. मागे वळून पुन्हा त्याच धावपट्टीच्या रेषेत यायला अर्धं वर्तुळ पुरत नाही, त्याहून जास्त वळावं लागतं, आणि तेवढ्या उंचीत ते बसत नाही. उंची अपुरी दिसली की माणूस वळण घट्ट करतो. ४५ अंशांच्या कलात विमान हवेत तोल सोडण्याचा वेग १९ टक्क्यांनी वाढतो, ६० अंशांत ४१ टक्क्यांनी. सरळ जाताना ४८ नॉटला (नॉट म्हणजे ताशी एक नॉटिकल मैल) ढासळणारं विमान घट्ट वळणात ५७ लाच ढासळतं, आणि त्या वेळी खाली सावरायला उंची नसते.

नाक खाली करा, तरंगण्याचा वेग पकडा, सेसना १७२ ला तो ६५ ते ६८ नॉट असतो, आणि समोर, फार तर डावी-उजवीकडे तीस अंशांत, जी मोकळी जमीन दिसेल तिथं उतरा. म्हणून सांब्र्याच्या दोन्ही टोकांपलीकडची शेतं आधी पायी फिरून बघा. मी प्रत्येक हंगामात एकदा जातो. भाताची कापणी झाल्यावर जमीन कडक असते, लावणीच्या चिखलात चाक रुतून विमान उलटतं, ऊस उभा असेल तर तो वरून हिरव्या गालिच्यासारखा दिसतो पण माणसाच्या दुप्पट उंच असतो. विजेच्या तारा वरून दिसत नाहीत, खांब दिसतात. खांबांची रांग शोधायची. धावपट्टीवर उभे असताना, पॉवर देण्याआधी, मोठ्यानं म्हणायचं: पाचशे फुटांखाली इंजिन गेलं तर समोरचं शेत. मी अजून दरवेळी म्हणतो.

पायरी शेवटची: एकट्यानं लांब जाणं

पहिलं एकट्याचं उड्डाण कधी, हा आकडा मित्रांशी ताडून बघू नका. पंधराव्या तासाला गेलेला आणि पंचविसाव्या तासाला गेलेला यांत परवान्यावर काही फरक दिसत नाही. परीक्षेबद्दलही थोडक्यातच सांगतो: हवाई नियम, दिशादर्शन, हवामान आणि विमान-इंजिनाची माहिती हे विषय, उत्तीर्ण व्हायला ७० टक्के.

खाजगी परवान्यासाठी एकट्यानं किमान १५० नॉटिकल मैलांचा प्रवास, वाटेत दोन वेगळ्या विमानतळांवर पूर्ण थांबून, करावा लागतो. आपल्याकडून सांबरा, हुबळी, कोल्हापूर, सांबरा असा त्रिकोण कागदावर छान बसतो: सुमारे ४०, ९० आणि ५० मैल. उड्डाणाचा आराखडा, हवाई संरक्षणाचा एडीसी क्रमांक आणि उड्डाण माहिती केंद्राचा एफआयसी क्रमांक हे शाळेचे लोक शिकवतील. खुणा पाठ करा: पुणे-बेंगळुरू हायवे, मिरज-लोंढा रेल्वे, हिडकलचं पाणी, हलग्याजवळची सुवर्ण विधानसौधची पांढरी इमारत. आणि साठाचा नियम लक्षात ठेवा. दिशा १ अंशानं चुकली तर ६० मैलांत १ मैल बाजूला. हुबळीहून कोल्हापूरला जाताना ५ अंश चुकलात तर नव्वद मैलांनंतर साडेसात मैल दूर असाल, आणि पश्चिमेला चुकलात तर समोर घाट.

त्या त्रिकोणाच्या आधी सराव म्हणून मला एकट्यानं कोल्हापूरला जाऊन यायचं होतं. ऑक्टोबरची सुरुवात, परतीचा पाऊस नुकताच सरलेला. आदल्या रात्री नकाशावर मी संकेश्वरला पेन्सिलीनं गोल केला होता. शेजारी लिहिलं होतं: इथून तवंदीच्या घाटाचा माथा दिसला नाही तर परत. सकाळी सातला निघालो. काकतीवर ऊन होतं, हत्तरगीवरही होतं. संकेश्वरवर आलो तेव्हा हायवे खाली स्पष्ट, लॉऱ्यांच्या सावल्यासुद्धा दिसत होत्या, पण पुढे तवंदीच्या डोंगरावर पांढरी गोधडी अंथरलेली. तिच्याखालून हायवे जात होता आणि डोंगर व ढग यांच्यामध्ये एक उजेडाची फट होती. त्या फटीतून निपाणीकडचं ऊन दिसत होतं. ते ऊन दिसणं फार वाईट असतं. पाच मिनिटांत पलीकडे, असं वाटतं. मी नकाशा मांडीवर घेतला, माझाच पेन्सिलीचा गोल बघितला आणि हायवे डाव्या बाजूला यायचा तो उजव्या बाजूला घेऊन वळलो.

सांब्र्याला उतरून विमान बांधलं, पिटोवर आवरण चढवलं. लॉगबुकात कुठून-कुठे हा रकाना असतो. 'सांबरा – कोल्हापूर' लिहायचं मनाशी ठरवून गेलो होतो, तिथं 'सांबरा – सांबरा' लिहिलं. सरांनी ते वाचलं, सही केली आणि मंगळवारची सकाळची वेळ फळ्यावर माझ्या नावापुढे टाकली. मंगळवारी गेलो, तर तवंदीच्या माथ्यावरची झाडं संकेश्वरच्या आधीपासूनच मोजता येत होती.